पाणी मारलेला कोबा

"कुणाचाही विश्वास बसणार नाही, पण साताऱ्यात मी ओतलेल्या कोब्यावर सर्कशीतली हत्तीण व्याली होती," असं म्हणत त्र्यंबकरावांनी सुवर्णाबाईंचा डावा पाय अलगद उचलला आणि पहिल्या ट्रेवर ठेवला. "एक चीर गेली नाही. उलट पिल्लूच घसरून पडलं, इतका गुळगुळीत!"

"काका, हत्तीचं पिल्लू जन्मल्या जन्मल्या चालतं का पण?" गिरीशने विचारलं.

"साताऱ्यातलं चालतं."

सुवर्णाबाईंनी नुसती टोपी कानांवर ओढली. गॅरेजमध्ये घडीच्या खुर्चीवर त्या बसल्या होत्या. अंगात कोट, डोक्याला लोकरीची टोपी, आणि कितीतरी दिवसांनी मोजे काढलेले पाय. समोर त्यांचेच केक करायचे तीन मोठे ट्रे मांडले होते. दोन ट्रेंत तळाशी प्लॅस्टिकच्या नळीचं वेटोळं आणि त्यावर कोबा. एकात अडीच इंच वाळू-सिमेंटचा, दुसऱ्यात दीड इंच जिप्समचा. तिसऱ्यात नुसतीच खाचांची लाकडी फळी, खाचेत नळी आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा. तिन्ही नळ्या कपडे धुवायच्या मशीनमागच्या गरम पाण्याच्या नळाला जोडल्या होत्या. ऑक्टोबर संपत आला होता, साल दोन हजार चार, आणि मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावात त्र्यंबकराव लोणकर आपल्या नव्या घराच्या जमिनीची निवड बायकोच्या तळव्याकडून करून घेत होते.

दुसऱ्या कुणाच्या तळव्याचा उपयोगच नव्हता. मार्चपासून दर पंधरा दिवसांनी सुवर्णाबाईंच्या शिरेत जे औषध जात होतं, त्याने आतड्यातल्या गाठीचं काय केलं ते डॉक्टरांना ठाऊक. पायांचं काय केलं ते मात्र घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गार जमिनीला तळवा टेकला की हजार टाचण्या टोचत. फ्रिजमधलं दूध काढायचं तर हातमोजे, झोपायचं तर पायात लोकरीचे दोन-दोन जोड. ऑपरेशननंतर गुंगीत असताना त्या एकदाच म्हणाल्या होत्या, "अहो, एकदा तरी आपल्या घरात अनवाणी फिरायचंय." शुद्धीवर आल्यावर त्यांना ते आठवत नव्हतं. त्र्यंबकरावांना दुसरं काही आठवत नव्हतं.

डेक्सटर गावाच्या पुढे, मक्याच्या शेतांना लागून त्यांनी जमीन घेऊन ठेवली होती. घराचा नकाशा स्वतः काढला होता. दोन उन्हाळे खपून, शनिवार-रविवारी गिरीशला हाताशी घेऊन लाकडी सांगाडा उभा केला होता. गिरीश त्यांच्या ओळखीतला, नागपूरचा, पस्तिशीचा, सॉफ्टवेअरमधला. हातोडी त्याने अमेरिकेत पहिल्यांदा धरली आणि पहिल्याच दिवशी स्वतःच्या अंगठ्यावर मारली. भिंती झाल्या, छप्पर झालं. जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवून त्यावर कोबा ओतायचा होता. कुठला, तेवढंच सहा महिने ठरत नव्हतं.

"हा कसा वाटतो?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"गार आहे हो! काढा, काढा!"

"सिमेंट आहे. दमाने तापेल, पण एकदा तापलं की रात्रभर सोडणार नाही. थोडं थांब."

"मी थांबते. पाय थांबत नाही."

लाकडी फळीवर पाय ठेवला तर तिथे एक पट्टा गरम, एक पट्टा गार. "तव्यावरच्या पोळीसारखा पाय फिरवत राहावं लागेल," सुवर्णाबाई म्हणाल्या. मग उजवा पाय जिप्समवर. दुसराही पाय त्यांनी आपणहून उचलून तिथे ठेवला. ट्रे लहान, त्यामुळे पाय एकावर एक आले.

"हा," त्या म्हणाल्या.

"हा? अगं, हा खडू आहे! शाळेत फळ्यावर लिहायचा खडू. मी आयुष्यभर सिमेंट..."

"काका, वजनाचं पण बघा ना यार," गिरीश मध्ये पडला. "खाली लाकडी तुळया आहेत. अडीच इंच सिमेंट त्यांना झेपणार नाही, हे तुम्हीच काढलेलं कॅल्क्युलेशन आहे."

"तुळया वाढवू."

"आणि सिमेंट ओतल्यावर गरम पाणी कधी सोडता येतं?" सुवर्णाबाईंनी विचारलं.

"अठ्ठावीस दिवसांनी. त्याआधी नाही. कोब्याला घाई करून चालत नाही."

"मला घाई आहे," सुवर्णाबाई म्हणाल्या. पाय तसेच ट्रेवर. गिरीश उगाचच नळीचा जोड तपासायला खाली वाकला.

तो गेल्यावर सुवर्णाबाईंनी मोजे चढवले आणि विचारलं, "हत्तीण?"

"म्हैस," त्र्यंबकराव म्हणाले.

"व्याली?"

"बसली होती. पण बराच वेळ बसली होती."

छत्तीस वर्षांचा रिवाज होता हा. चारचौघांत सुवर्णाबाई नवऱ्याचं वाक्य कधी तोडत नसत. सगळी मंडळी हसून, पोट धरून गेली की मग गाडीत नाहीतर स्वयंपाकघरात त्या गोष्टीतली वजावट करायला बसत. वाघाचा तरस होई, पुराचं पाणी गळ्यापासून घोट्यापर्यंत उतरे. त्र्यंबकराव निमूट मान्य करत. घरात खरं कळणारं एक माणूस आहे, म्हणून बाहेर वाटेल ते बोलायला मोकळीक, असा त्यांचा हिशेब होता.

डेल नावाचा माणूस नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पंप घेऊन आला. खिडकीतून जाडजूड नळी आत टाकली आणि पातळ पिठल्यासारखा जिप्सम घरभर सोडला. नळ्या त्याखाली बुडाल्या. जेवायच्या वेळेपर्यंत अठराशे स्क्वेअर फूट आरशासारखं सपाट. त्र्यंबकराव दारात उभे राहून बघत होते. सव्वीस वर्षं त्यांनी रस्त्यांच्या काँक्रीटच्या लॅबमध्ये नमुने दाबून फोडले होते, त्याआधी साताऱ्याला पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते, पण एवढ्या चटकन एवढी जमीन झालेली त्यांनी पाहिली नव्हती. चांगली गोष्ट इतकी सोपी असते यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"आता याला हात लावू नकोस, ट्रिम," डेल म्हणाला. त्र्यंबक त्याच्या जिभेवर एवढाच मावत असे. "खिडक्या थोड्या उघड्या ठेव. कोरडा राहू दे. पाणी अजिबात नाही. सगळं यात लिहिलंय." त्याने एक घडी केलेला कागद दिला.

त्र्यंबकरावांनी हसून कागद पँटच्या खिशात घातला.

आता हे हसू समजायला ओव्हरसियर व्हावं लागतं. साताऱ्यात त्यांची सगळी नोकरी एकाच भांडणात गेली होती. कंत्राटदार स्लॅब टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी म्हणायचा, पाणी लागत नाही, साहेब. आणि ओव्हरसियर लोणकर सायकल मारत यायचे, मातीच्या पाळी करून वाफे बांधायला लावायचे, त्यात पाणी तुंबवायचे. सात दिवस, चौदा दिवस, एकवीस दिवस. सिमेंट पाणी पितं तेव्हा धरतं. पाणी लागत नाही असं म्हणणारा माणूस कामचुकार, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. अमेरिकेत येऊन तीस वर्षं झाली तरी ते हाड काही अमेरिकन झालं नव्हतं.

"या वेळी तरी दुसऱ्याचं ऐका," सुवर्णाबाई त्या संध्याकाळी म्हणाल्या.

"ऐकतोय ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच साइटवर गेले. कोब्यावर पाय ठेवला तर घट्ट. टिचकी मारली तर टणक. एवढा एका दिवसात कडक होतो, तर पाणी पाजल्यावर काय होईल! त्यांनी वाळूच्या पाळी केल्या, खोल्याखोल्यांत चौकोनी वाफे बांधले, विहिरीच्या पंपाला बागेची नळी जोडली आणि इंचभर पाणी सोडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी भिंतींना आतून लावायच्या पाट्यांची थप्पी गिरीशने आदल्या संध्याकाळी, कोब्यावर पाय ठेवता येताच, आणून रचून ठेवली होती, आठ फूट बाय चार फूट. ती भिजू नये म्हणून तिच्याभोवती त्यांनी दुहेरी पाळ घातली आणि निळं प्लॅस्टिक खालपर्यंत खोचलं.

सात दिवस ते रोज गेले. महिन्यांनंतर हाताला ओळखीचं काम मिळालं होतं. नळी हातात धरून ते त्या पाण्यात उभे राहायचे आणि कुणीच ऐकायला नसल्यामुळे कोब्यालाच गोष्टी सांगायचे. दवाखान्यात काही करता येत नसे. तिथे माणसाने खुर्चीत बसायचं आणि सलाइनचे थेंब मोजायचे. इथे सकाळी पाणी मारलं की काहीतरी घट्ट होतंय असं वाटायचं.

घरी आल्यावर ते गुडघ्यापर्यंत भिजलेली पँट बाथरूममध्ये टांगत. "रोज काय करता तिकडे?" सुवर्णाबाई विचारत.

"पहारा."

आठव्या दिवशी, शनिवारी, गिरीश फरशीचं पहिलं खोकं खांद्यावर घेऊन आला. त्र्यंबकरावांनी पाणी काढून टाकलं होतं आणि वाळू झाडत होते. गिरीशने बैठकीच्या खोलीत तीन पावलं टाकली आणि थांबला. खोकं भिंतीशी ठेवलं. मागे वळून स्वतःच्या पावलांकडे बघितलं. बुटाच्या टाचेचे तीन खळगे पडले होते.

"काका, हे दही झालंय."

"वर साय असते. खाली घट्ट असेल."

त्र्यंबकरावांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि टोचला. तो नळीला जाऊन टेकला तेव्हाच थांबला. त्यांनी दुसरीकडे टोचला. तिसरीकडे. मग गुडघ्यांवर बसून ते खोलीभर टोचत फिरले. गिरीश "काका, काका" म्हणत मागे मागे.

सोमवारी डेल आला. त्याने एक मूठ उचलली, बोटांनी चुरली, हात पँटला पुसला. "पाणी घातलंस?"

"छप्पर गळलं," त्र्यंबकराव म्हणाले. "कुणाला खरं वाटणार नाही असा पाऊस पडला."

डेलने वर कोरड्या छताकडे पाहिलं. मग कोपऱ्यात झाडून ठेवलेल्या वाळूच्या ढिगाकडे. भला माणूस, त्याने तो विषय तिथेच सोडला. सगळा कोबा उखडायला लागेल, म्हणाला. खालचं प्लायवूड पण प्यायलंय, ते पूर्ण वाळल्याशिवाय वर काही ओतता येणार नाही, आणि या थंडीत ते वाळणार कधी? "स्प्रिंगमध्ये बघू, ट्रिम. एप्रिल."

बुधवारी स्कॅनचा निकाल होता. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली तेव्हाच त्र्यंबकरावांनी ओळखलं. यकृतात तीन जागी दिसत होतं. औषध आता काम करत नव्हतं. सिॲटलहून मुलीला, अनिकाला, कधी बोलावू, असं त्यांनी विचारलं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या की लवकर बोलवा, स्प्रिंगपर्यंतचं मला काही सांगता येणार नाही. सुवर्णाबाईंनी हातमोजे काढून पुन्हा घातले, एवढंच.

अनिका फोनवर आधी रडली, मग म्हणाली, "बाबा, फरगेट द हाउस. जस्ट पुट अ कार्पेट समव्हेअर, प्लीज."

"कार्पेट काय गरम असतं का गं?"

"बाबा, इट डझंट मॅटर नाउ!"

त्यांनी फोन ठेवला आणि गाडी काढली. पुढचे दोन दिवस त्यांनी जे केलं ते शहाण्या माणसाने कुणाला सांगू नये. भाड्याने आठ पंखे आणले. बॉयलर पूर्ण चढवला. वरची साय वाळून तिचे पापुद्रे सुटले आणि घरभर पांढरा धुरळा झाला. त्यांनी फावडं घेतलं, एका हाताने नळ्या चाचपत दुसऱ्याने खरवडलं, दोन तासांत बाथरूमएवढा भागही झाला नाही. चोवीस तासांत धरणारं सिमेंट मिळतं, ते आणावं असं मनात आलं आणि मग खालचं भिजलेलं लाकूड आठवलं. सगळ्या आयुष्यात त्यांनी हजारो नमुने फोडले, पण स्वतःच्या हाताने एवढं मोठं फोडलं नव्हतं. ते फावडं टाकून पाट्यांच्या थप्पीवर जाऊन बसले. डोळ्यांत, नाकात, मिश्यांत खडू. बायकोने पायाने निवडलेली एक वस्तू होती, आणि तिला त्यांनी सात दिवस, प्रेमाने, आपल्या हातांनी बुडवली होती.

बराच वेळ बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कशावर बसलोय.

छत्तीस पाट्या होत्या. एकेक सरकवून, भिंतीशी उभी करून त्यांनी सगळ्या हलवल्या. प्लॅस्टिक ओढलं. खाली आठ बाय चारचा तुकडा कोरडा होता. हातोडीच्या दांड्याने ठोकला तर खणखणीत वाजला. तळवा टेकला. पंखे बंद करून पुन्हा टेकला. उबदार होता, सगळीकडे सारखा, कुठे पट्टा नाही.

शुक्रवारी सकाळी सुवर्णाबाई म्हणाल्या, "उद्या मला घर दाखवा."

"अजून फिनिशिंग बाकी आहे."

"असू दे. गिरीशला सांगितलंय मी, गाडी आणायला."

शनिवारी हलका बर्फ पडत होता. त्र्यंबकराव पहाटेच जाऊन राहिले होते. सगळ्या घरभर त्यांनी तपकिरी कागद अंथरून कडा चिकटवल्या होत्या. दारापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत फळ्या टाकून वाट केली होती. उखडलेलं बाथरूम दार लावून बंद.

गिरीशने धरून धरून सुवर्णाबाईंना फळ्यांवरून आणलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खिडकीपाशी त्र्यंबकरावांनी त्यांना स्टुलावर बसवलं, गुडघ्यांवर बसून बुटांचे बंद सोडले, एक जोड मोजे काढले, मग दुसरा. नखं काळी पडली होती. पाऊल लहान मुलाचं असावं तसं हलकं झालं होतं.

"टेकव."

सुवर्णाबाईंनी गिरीशचा दंड धरला आणि डोळे मिटले. टाचण्यांची वाट बघताना त्यांचा सगळा चेहरा आवळला जायचा, तसा तो आवळला. तळवे टेकले. मग एकेक रेघ सैल होत गेली. त्या उठून उभ्या राहिल्या. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, खिडकीपर्यंत गेल्या, ओट्याची जागा होती तिथे वळल्या, परत आल्या. कडेला आल्यावर कागदावर पाय न ठेवता पुन्हा वळल्या. गिरीश बाहेर बर्फाकडे बघू लागला.

"कसं वाटतंय, काकू?" त्याने तिकडेच बघत विचारलं.

"गच्चीवरच्यासारखं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर गच्ची असते ना, तसं."

हे ऐकलं आणि त्र्यंबकरावांना राहवलं नाही. आठवडाभर तोंडात अडकलेला माणूस सुटला.

"कुणाचाही विश्वास बसणार नाही, गिरीश," ते मोठ्याने म्हणाले, जणू गिरीश या घरात आजच पहिल्यांदा आला होता, "पण अठराशे स्क्वेअर फूट, एका हाताने ओतलेला, आणि कुठेही पाय ठेव, असाच! बैठकीत असाच, देवघरात असाच. कागद काढला की बघशील. डेल म्हणाला, तीस वर्षांत असा कोबा पाहिला नाही. पुढच्या आठवड्यात फरशी, मग ही सगळ्या घरात अनवाणी..."

"अहो," सुवर्णाबाई म्हणाल्या.

"...रथ फिरवला तरी..."

"अहो."

त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि एक कागद काढला. पँटच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये जाऊन आलेला, चोळामोळा होऊन वाळलेला. डेलचा. घडीवर अक्षरं उडाली होती, पण वरची ठळक ओळ शाबूत होती: पाणी घालू नका. तो त्यांनी खिडकीच्या चौकटीवर ठेवला आणि तळहाताने सपाट केला. किती दिवस जवळ होता, कुणी विचारलं नाही.

"साफ खोटं," त्या म्हणाल्या. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच, तिसऱ्या माणसासमोर. "एवढंच उरलंय. बाकी सगळ्याला तुम्ही पाणी मारलंत."

मग त्या दोन पावलं बाजूला सरकल्या, भिंतीला लागेपर्यंत, आणि आपल्या शेजारी जेवढी जागा रिकामी झाली तिकडे बघत म्हणाल्या, "बूट काढा."